नावं संपेपर्यंत डोळे बंद

“जगात सिनेमे दोनच प्रकारचे असतात,” चष्मेवाले म्हणाले. “एक, जे प्रेक्षकांनी बघावेत. दुसरे, जे बनवणाऱ्यांनाच खुर्चीला बांधून दाखवावेत. मधलं काही नसतं. मधलं काही आहे असं ज्याला वाटतं त्याच्या नजरेत दोष आहे, आणि नजरेबद्दल मला कुणी शिकवू नये.”

खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने मान डोलावली आणि भीत भीत सांगितलं, की समोरच्या तक्त्यावरची दुसरी ओळसुद्धा दिसत नाहीये.

“दिसेल कशी?” काउंटरमागून त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, म्हणाल्या. “अहो, फ्रेममध्ये काच घातलीच नाहीत तुम्ही.”

काच घातली गेली. ओळ दिसली. मताला मात्र ओरखडा आला नाही. चष्मेवाल्यांच्या मताला ओरखडा आलेला गल्लीत कुणी पाहिला नव्हता, आणि म्हणूनच गल्लीने त्यांचं नाव ‘सेन्सॉर’ ठेवलं होतं. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुकान अरुंद होतं. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोरच्या भिंतीवर आरसा, आणि उरलेल्या जागेत रिकाम्या फ्रेमा माणसांकडे डोळे नसताना टक लावून बघत असायच्या. नंबर काढताना चष्मेवाले काच बदलून “हे बरं की हे?” असं विचारत, आणि त्याच दमात कालचा सिनेमा बरा की परवाचा, हेही विचारत. गिऱ्हाईक गोंधळून दोन्हींना एकच उत्तर देई. गल्लीतले निम्मे लोक चुकीच्या नंबरचा चष्मा घालून हिंडतात ते यामुळेच, असं वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. दातांच्या डॉक्टरांना रडवणारे सिनेमे आवडत. चष्मेवाल्यांच्या मते ती धंद्याची सवय होती.

चष्मेवाल्यांची स्वतःची मतं धंद्यापासून अगदी अलिप्त होती. उदाहरणार्थ, मारामारीच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवणाऱ्या नायकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दिसणार नाही तर मारणार कुणाला? चष्मा उतरवला की नायिका एकाएकी सुंदर होते, असे सिनेमे तर ते वैयक्तिक अपमान समजत. सिनेमात जो पहिल्यांदा खोकतो तो मध्यंतरापर्यंत जातो, हे त्यांनी ताडलेलं होतं, आणि शेजारच्या प्रेक्षकाला ते आगाऊ कळवतही. टीव्हीवरच्या मालिकांबद्दल बोलायचं तर पहिल्या भागात दार वाजतं, दुसऱ्यात उघडतं, आणि दारात कोण उभं आहे हे कळेपर्यंत बघणाऱ्याचा नंबर वाढलेला असतो. हे शेवटचं मत ऐकून काकू नेहमी म्हणत, की मग आपला धंदा चालतोय ना, बोलताय कशाला.

या सगळ्या मतांच्या मुळाशी एक कडक शिस्त होती. चष्मेवाले सिनेमाची जाहिरात बघत नसत. वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचत नसत. थिएटरवर गेले की टोपी भुवयांपर्यंत ओढत, म्हणजे भिंतीवरची पोस्टरं दिसू नयेत. आणि कानात कापूस घालत, म्हणजे आधीच्या खेळातून बाहेर पडणाऱ्यांची बडबड आत जाऊ नये. तिकीट असं घडी घालत की फक्त रांग आणि खुर्ची दिसावी. आणि पडद्यावर नावं सुरू झाली की डोळे घट्ट मिटून घेत. नावं संपली की काकू कोपर मारत, मग ते डोळे उघडत. सिनेमा कुणी केला, त्यात कोण आहे, हे ते घरी येऊन मत देऊन झाल्यावर विचारत. याचं कारणही त्यांच्याकडे तयार होतं: जो तक्ता पाठ करून आला आहे त्याचे डोळे तपासून काय उपयोग?

तर अशा माणसाची एकुलती एक लेक सिनेमाच्या धंद्यात गेली, यात नवल नव्हतं. ती संकलक होती. ढीगभर चित्रित करून ठेवलेल्या तुकड्यांतून नको ते कापायचं आणि हवं ते जोडायचं, हे तिचं काम. गेली बरीच वर्षं ती दुसऱ्या शहरात राहून मालिका कापत होती. कापत होती म्हणजे खरं तर वाढवत होती. एक बाई दचकली की तिच्या दचकण्याचे चार तुकडे करायचे आणि मध्ये मध्ये घरातल्या बाकीच्यांचे चेहरे पेरायचे. चष्मेवाले फोनवर तिला सांगत, की कालचा भाग भिकार होता. ती हसून म्हणायची, “बाबा, तुम्ही एकदाच पाहिलात. मी चाळीसदा पाहिलाय.”

तिला बापाच्या बोलण्याचं वाईट वाटत नसे, कारण त्याची सवय फार लहानपणी लागली होती. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती. बाईंनी कौतुक केलं, शेजाऱ्यांनी केलं, काकू तर पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. चष्मेवाले एवढंच म्हणाले, की बाकीची झाडं वाऱ्याने डावीकडे हलत होती आणि आमचं झाड उजवीकडे. पोरगी संध्याकाळभर फुरंगटून बसली. पण तेव्हापासून तिने मनाशी एक पक्कं ठरवून टाकलं: सगळं जग गोड बोलेल, खरं कळायचं असेल तर बाबांना विचारायचं.

आणि आता विचारायची वेळ आली होती. तिने कापलेला पहिला सिनेमा लागला होता, अगदी इथल्याच थिएटरात. त्याच वेळी मालिकावाल्यांनी तिला मोठी जागा देऊ केली होती: कायमची नोकरी, हाताखाली माणसं, आणि दचकणाऱ्या बायकांचा अखंड पुरवठा. सिनेमाच्या दिग्दर्शकाला ती पुढच्या सिनेमासाठी हवी होती, पण तो सिनेमा होईल की नाही हे दिग्दर्शकालाही माहीत नव्हतं. मालिकावाल्यांना उत्तर हवं होतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती रजा काढून घरी आली, जेवण झाल्यावर बापाच्या शेजारी उभी राहून ताटं पुसू लागली आणि म्हणाली,

“बाबा, उद्या दुपारी जाऊन बघा. आणि मला हे येतं का, एवढंच सांगा. येत नसेल तर मी मालिकेला हो म्हणते, पुन्हा नाव काढत नाही. बाकी सगळे छान म्हणतायत. छान म्हणणाऱ्यांचं मी काय लोणचं घालू?”

“मी छान म्हणेन असं वाटतंय का तुला?”

“नाही. म्हणून तर विचारतेय.”

“माझा बाप सिनेमात असता ना,” चष्मेवाले ताट रचत म्हणाले, “तर मी त्यालाही सोडला नसता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लागलं. लेक थिएटरात आलीच नाही. समोरच्या चहाच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून बसली. ऐनवेळी चष्मेवाल्यांनी आणखी एक नियम काढला: आज आपण वेगळं बसायचं. काकू नावं यायच्या आधीपासूनच मुसमुसायला लागतील, आणि न्यायाधीशाने वादीच्या आईशेजारी बसणं बरं दिसत नाही. काकू म्हणाल्या, की वादीच्या बापाचं काय? पण तोपर्यंत कानात कापूस गेला होता.

या थिएटरात दोन पडदे होते. दारावरच्या माणसाने तिकीट फाडलं आणि डावीकडे जायला सांगितलं. कापसाने आपलं काम चोख केलं. चष्मेवाल्यांनी टोपीखालून पाहिलं तर बरेचसे पाय उजवीकडे चालले होते. आपल्या लेकीच्या सिनेमाला गर्दी आहे, या विचाराने त्यांची छाती जरा फुगली, आणि ती आत घेत ते पायांच्या मागोमाग उजवीकडे गेले. तिकिटावरची रांग तिथे होती. खुर्चीही होती, आणि रिकामी होती. ते बसले, कापूस काढला आणि अंधार होताच डोळे मिटले.

कोपर येणार नव्हतं. म्हणून त्यांनी संगीत जरा ओसरेपर्यंत वाट पाहिली, अंदाजाने डोळे उघडले, आणि पडद्यावर एक माणूस हातात शिडी घेऊन पंचवीसतीस लोकांना बडवत होता.

ते सावरून बसले. लेक म्हणाली होती, थोडा वेगळा सिनेमा आहे. वेगळा होता खरा. शिडीवाल्याने मारामारीच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवला होता. एक तुकडा संपायच्या आत दुसरा येत होता, दुसऱ्याचं काय चाललंय ते कळायच्या आत तिसरा. ठोसा एका भिंतीजवळ सुरू होऊन दुसऱ्याच भिंतीजवळ लागत होता. मग एक हेलिकॉप्टर आलं. ते का आलं हे कुणी विचारलं नाही. मध्यंतराच्या आधी पडद्यावर एक म्हातारा खोकला, आणि शेजारच्या माणसाला काही सांगायची इच्छा चष्मेवाल्यांना आयुष्यात प्रथमच झाली नाही.

मध्यंतरात ते जागेवरून हलले नाहीत. एरवी आतापर्यंत निकाल तयार असायचा, आणि निकाल तयार होताही. हे बनवणाऱ्यांना खुर्चीला बांधायला हवं होतं. फक्त त्या खुर्चीत त्यांना सारखी आपली पोर दिसत होती, लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमा डोळ्यांना लावून बघणारी. एवढी वर्षं ती तिकडे एकटी राहिली, ती हे करायला? आणि आता समोरच्या दुकानात बसून ती वाट बघतेय. तिला जाऊन सांगायचं, की बाई गं, तुला येत नाही? बरोबर तेच सांगायचं, तिने त्यासाठीच तर बोलावलंय. पण सांगितल्यावर तिचा चेहरा कसा होईल ते त्यांना आत्ताच दिसत होतं, आणि त्या चेहऱ्यासाठी त्यांच्याकडे कुठल्याही नंबरची काच नव्हती.

दुसऱ्या अर्ध्यात हेलिकॉप्टर परत आलं. तोवर चष्मेवाल्यांचं ठरलं होतं. खोटं बोलायचं. एकदाच, आणि बोलायचं तर ठणठणीत बोलायचं.

सिनेमा संपला तसे ते काकूंची वाट न बघता थेट चहाच्या दुकानात गेले. लेक उठून उभी राहिली. चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली, टोपी टेबलावर ठेवली आणि निकाल देताना लावतात तोच आवाज लावला. अप्रतिम, ते म्हणाले. कात्री कुठे लागली ते कळतच नाही. गती अशी की माणसाला श्वास घ्यायची सोय नाही. मालिकेला आजच्या आज नाही म्हणून टाक. असं बरंच बोलले, आणि बोलताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटत गेलं, कारण खोटं बोलणं हे खरं बोलण्याइतकंच सोपं निघालं होतं.

लेकीचा चेहरा हळूहळू उजळला. मग तिने सहज विचारलं, “सगळ्यात काय आवडलं?”

“शिडी,” चष्मेवाले म्हणाले.

“शिडी?”

“शिडीची मारामारी. काय कापलीयेस.”

लेक खाली बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आणि हेलिकॉप्टर?”

“हेलिकॉप्टरचं तर विचारूच नकोस. दोन्ही वेळा काळजात धस्स झालं.”

“बाबा, माझ्या सिनेमात दोन बहिणी आहेत. आई गेल्यावर दोघी तिचं घर रिकामं करतात. त्यात हेलिकॉप्टर नाही. हेलिकॉप्टर शेजारच्या पडद्यावर आहे, त्याचं पोस्टर तुमच्या पाठीमागेच आहे.”

चष्मेवाल्यांनी वळून पोस्टर पाहिलं. शिडीवाला त्यांच्याकडे बघून हसत होता.

तेवढ्यात रस्ता ओलांडून काकू आल्या, नाक लाल, रुमालाचा पार बोळा झालेला. आत कुठे बसला होतात, मी सगळीकडे शोधलं, असं काहीतरी म्हणू लागल्या. पण दोघांचे चेहरे बघून रुमाल नाकाला लावून खुर्चीत बसल्या. चष्मेवाले हसले. घोटाळा झाला, दारावरच्या माणसाची चूक, आपल्याला हसू आलं पाहिजे, असं ते सुचवत होते. लेक हसली नाही.

“चुकीच्या सिनेमाला गेलात त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “पण तो माझा आहे असं समजून पाहिलात ना? आणि तुम्हाला तो भिकार वाटला. वाटलाच असणार. आणि तुम्ही इथे येऊन मला अप्रतिम म्हणालात.”

“अगं, ते...”

“म्हणजे माझा असता तरी अप्रतिमच म्हणाला असतात. कसाही असता तरी. मग इतक्या सगळ्यांत तुम्हाला विचारायला मी घरी कशाला आले?”

चहा आला, निवला. लेक म्हणाली, जाऊ दे, संध्याकाळी त्यांना हो सांगून टाकते, निदान तिथे काम खराब असलं तर सगळ्यांना माहीत तरी असतं. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. चष्मेवाले उठले. कुठे निघालात, असं काकूंनी विचारलं, तर मी येईपर्यंत हलू नका आणि फोन आला तरी उचलू नका, एवढंच म्हणून ते रस्ता ओलांडून गेले. टोपी टेबलावरच राहिली.

या वेळी त्यांनी नवं तिकीट घडी न घालता वाचलं. पोस्टर उभं राहून पाहिलं. दारावरच्या माणसाला डावीकडेच ना, म्हणून दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा हो म्हणाला. आत येऊन बसले, दिवे गेले, आणि पडद्यावर नावं सुरू झाली. डोळे सवयीने मिटायला लागले ते त्यांनी बळेच उघडे धरले. कितीतरी नावं होती. इतकी माणसं लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मग ‘संकलन’, आणि त्याखाली त्यांनीच बारशाला ठेवलेलं नाव, आडनावासकट. ते पडद्यावर इतका थोडा वेळ राहिलं, की नावं कापणाऱ्या माणसाचा त्यांना राग आला. मग लक्षात आलं, तीही तिनेच कापली असणार.

पुढचा सिनेमा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता तसा पाहिला. म्हणजे पुढे काय येतंय याची वाट बघत पाहिला. धाकटी बहीण सगळं टाकून द्यायला निघाली होती, थोरली सगळं ठेवायला. मध्येच एक शेजारीण येऊन उगाच बोलत बसली, आणि चष्मेवाले खुर्चीत चुळबुळले. मग थोरली स्टुलावर चढून रिकाम्या खोलीतला दिवा काढू लागली. दिवा गरम होता. तिने हात मागे घेतला, थांबली, पुन्हा हात लावला, पुन्हा मागे घेतला. आता कापणार, चष्मेवाले मनात म्हणाले. कुणीही इथे कापेल. तुकडा तुटला नाही. बाई स्टुलावर उभी राहून दिवा निवायची वाट बघत राहिली, आणि थिएटरातला एकही माणूस खोकला नाही. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या म्हणून चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, आणि मग काहीच दिसेना म्हणून परत घातला.

ते परतले तेव्हा चहाच्या दुकानात दिवे लागले होते. लेकीचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि दोनदा वाजून गेला होता. चष्मेवाले बसले. आवाज लावला नाही.

“मधला भाग लांबलाय,” ते म्हणाले. “धाकटी फोनवर बोलते तिथे. ती नटी तुला आवडली असावी, दोन ठिकाणी तिला सोडवत नाहीये तुला. ती शेजारीण तर कशाला आहे तेच कळत नाही, अख्खी गेली तरी कुणी विचारणार नाही. आणि पेट्या भरतात तिथे दिवस आहे की संध्याकाळ, एकदा ठरवा.”

लेक ऐकत होती. “शेजारीण मलाही नको होती,” ती हळू आवाजात म्हणाली. “दिग्दर्शक ऐकेना. त्याची मावशी आहे ती.”

“दिसतंच.”

“आणि?”

“आणि दिवा काढते तिथे तू कात्री लावली नाहीस.” चष्मेवाले टोपीची कड चिमटीत धरून बोलत होते. “मी म्हणत होतो, आता कापेल, आता कापेल. लावली असतीस तर बरं झालं असतं असं मलाही वाटलं असतं, आणि मी चुकलो असतो. ते कुणाला शिकवता येत नाही. तुला येतं. यात मी बाप म्हणून काही घातलेलं नाही, वाटलं तर शेजारणीची शपथ घेतो.”

फोन तिसऱ्यांदा वाजला. लेकीने तो उचलला, उठून दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि पाठमोरी बोलू लागली. काकूंनी चष्मेवाल्यांचं मनगट धरलं. नीट ऐकू येत नव्हतं. मग एकदम स्पष्ट ऐकू आलं, की नाही, विचार करून सांगतेय, नाहीच, आणि आभारी आहे. ती परत आली तेव्हा हसत होती.

झालं. चष्मेवाल्यांच्या अंगात पुन्हा वारं भरलं. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, आणखी एक चहा सांगितला आणि खुर्चीत रेलून बोलायला सुरुवात केली. मत म्हणजे काय, ते म्हणाले, मत ही सहज देण्याची गोष्ट नाही. त्याला तपश्चर्या लागते. मी आज जे बोललो ते बोलायला माणसाने आयुष्यभर सिनेमा पाहिलेला असावा लागतो, आणि या गल्लीत, किंबहुना या शहरात, असं अधिकाराने सांगणारी माणसं...

“बाबा,” लेक म्हणाली, “जरा पलीकडे सरकून बसता का? मला आईला विचारायचंय, तिला सिनेमा कसा वाटला.”